गळाची दोरी किती बळाची असावी?

कर्जतहून एका वाचक भगिनींचें लांबलचक पत्र आमच्या हातीं आलें आहे. ह्या सदरांत आजवर आम्हीं तांब्यापितळेच्या कल्हईपासून छपरावरच्या सौर बंबापर्यंत पुष्कळ घरगुती प्रश्नांचा ऊहापोह केला. पण समुद्रांत मासे धरण्याच्या दोरीविषयीं आम्हांस कोणी पृच्छा करील, आणि तीही ज्या घरीं मासा कधीं शिजला नाहीं अशा घरांतून, हें आमच्या स्वप्नींही नव्हतें. प्रश्न मात्र इतका मार्मिक आहे, आणि त्याच्या मागची आईची काळजी इतकी खरी आहे, कीं तो बाजूस सारणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

हकीकत अशी. ह्या भगिनींचे चिरंजीव मुंबईस एका कचेरींत नोकरीस आहेत आणि रोज कर्जतच्या लोकलनें जातात येतात. लहानपणीं पेज नदीच्या कांठीं त्यांस गळ टाकण्याचा नाद लागला. भिवपुरीचें वीजगृह १९२२ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून तेथून सुटणाऱ्या पाण्यामुळें ही नदी वैशाखांतही वाहती असते. मुलांस असला नाद लागण्यास तेवढें पुरे. गेलीं दोन-तीन वर्षें मात्र चिरंजीवांची मजल समुद्रापर्यंत गेली आहे. सुटीच्या दिवशीं पहांटे खोपोली-पेणच्या वाटेनें अलिबागेकडे जावयाचें, आणि तेथून भाड्याच्या मचव्यांतून खांदेरी-उंदेरीच्या पलीकडे. धरलेला मासा ते बहुधा परत पाण्यांत सोडून देतात, असेंही आईनें मुद्दाम लिहिलें आहे.

पहिल्या वर्षीं त्यांच्या रिळावर २० पौंड बळाची दोरी होती. एक मोठी सुरमई लागली, रीळ किंचाळलें, आणि क्षणार्धांत दोरी सैल पडली. 'दोरी कमी बळाची म्हणून तुटली' असा निष्कर्ष निघाला, आणि दुकानदाराच्या सल्ल्यावरून ८० पौंडांची दोरी आली. ती कांहीं तुटली नाहीं. गेल्या पौषांत गळ तळच्या खडकांत अडकला, ओहोटीच्या ओढीनें मचवा वाहूं लागला, आणि तो सोडविण्यासाठीं चिरंजीवांनीं दोरीचे दोन वेढे हातावर घेतले. दोरीनें तर्जनी हाडापर्यंत कापली. पांच टांके पडले. अद्याप तें बोट पुरतें मिटत नाहीं. आतां दुकानदार म्हणतो, आणखी जाड घ्या, चिरंजीव म्हणतात, पुन्हा पातळ घेतों, आणि आई आम्हांस विचारते, "एक तुटली म्हणून मासा गेला, दुसरी तुटली नाहीं म्हणून हात गेला असता. तर मग घ्यावी तरी किती बळाची?"

ह्या प्रश्नाचें उत्तर एका आंकड्यांत देतां येईल, आणि शेवटीं आम्ही तें देणारही आहों. परंतु तत्पूर्वीं ह्या दोरीची जात समजून घेतली पाहिजे.

बाजारांत हिला 'ब्रेडेड लाइन' किंवा नुसतें 'ब्रेड' म्हणतात. चार किंवा आठ बारीक धागे एकमेकांत गुंफून ती विणलेली असते. अशा विणीस आपल्या भाषेंत गोफ हा शब्द पूर्वींपासून आहे. म्हणून आम्हीही तिला गोफच म्हणूं. गोफाचा धागा म्हणजे पॉलिथिलीन. आपल्या दुधाच्या पिशवीचा जो पदार्थ, त्याचाच अत्यंत लांब साखळ्यांचा प्रकार. १९७० नंतरच्या दशकांत हॉलंडांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तो विरघळवून, जेलीसारखा करून, ओढून ओढून धागा काढण्याची रीत बसविली. त्या ओढण्यानें साखळ्या सरळ रेषेंत येतात आणि वजनाच्या मानानें पोलादासही मागें टाकील असें बळ त्या धाग्यांत येतें. मासेमारीच्या दोरींत हा धागा १९९० नंतर आला. तत्पूर्वीं खोल समुद्रांतील हौशी शिकारी लिननची दोरी वापरीत. तिच्या प्रत्येक पदराचें बळ ओल्या स्थितींत ३ पौंड धरीत, म्हणजे २४ पदरांची दोरी ७२ पौंडांची. दर फेरीनंतर ती रिळावरून उलगडून वाळवावी लागे, नाहींतर कुजे. मग नायलॉन आलें. पेजेच्या कांठीं चिरंजीवांनीं वापरली ती हीच नायलॉनची एकेरी दोरी.

नायलॉन आणि गोफ ह्यांच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. नायलॉन तुटण्यापूर्वीं एक-पंचमांशाहून अधिक लांबतें. गोफ शेंकडा तीन-चार इतकाच. नायलॉन थोडें पाणी पितें आणि ओलें झालें कीं थोडें दुबळें होतें. गोफ पाणी पीत नाहीं, उलट तरंगतो. तेवढ्याच बळाचा गोफ नायलॉनच्या मानानें पुष्कळच बारीक असतो, म्हणून प्रवाह त्यास कमी ओढतो आणि हलक्या वजनानेंही गळ तळास पोंचतो. आमच्या रायगडच्या समुद्रांत भरती-ओहोटीचा जोर मोठा, म्हणून हा गुण तेथें विशेष कामाचा. पण गोफाचे दोन दुर्गुणही येथेंच लिहून ठेवतों, कारण दोन्ही चिरंजीवांच्या वांट्यास आले. गोफ गुळगुळीत असतो, म्हणून त्याची गांठ घसरते. आणि तो बारीक असून ताणत नाहीं, म्हणून तो दोरीसारखा न वागतां सुरीसारखा वागतो.

आतां पहिल्या प्रसंगाकडे वळूं. ह्या भगिनींची सूक्ष्म दृष्टि वाखाणण्याजोगी आहे. चिरंजीवांनीं आणलेलें 'तुटलेलें' टोक त्यांनीं शिवणाच्या पेटींत जपून ठेविलें होतें, आणि त्याचें वर्णन त्या असें करतात: टोकाचे धागे विसकटलेले नाहींत, तें कात्रीनें कापल्यासारखें आहे, मात्र शेवटच्या बोटभर लांबींत चार-पांच बारीक वळ्या पडलेल्या आहेत. एवढें वर्णन आम्हांस पुरे आहे. ताणानें किंवा खडकावर घासून तुटलेल्या गोफाच्या टोकास कुंचल्यासारखे तंतू फुटतात. सुरमईचे दांत कात्रीसारखे असतात हें खरें. पण दांतांनीं कापलें असतें तर पुढची नायलॉनची जोडदोरी, निदान तिचा तुकडा, परत आला असता. येथें जोडदोरी सबंध गेली आणि गोफाच्या टोकावर वळ्या तेवढ्या राहिल्या. त्या वळ्या म्हणजे सुटलेल्या गांठीचे ठसे होत. तात्पर्य, २० पौंडांची ती दोरी तुटलीच नव्हती. पेजेच्या कांठीं नायलॉनवर पक्की बसणारी चार वेढ्यांची गांठ चिरंजीवांनीं गोफावर मारली, आणि ती घसरून सुटली. ज्या दोषासाठीं त्या दोरीस शिक्षा झाली, तो दोष तिचा नव्हताच. आणि तिच्या जागीं जी चौपट बळाची आली, ती एका न घडलेल्या अपराधावरचा उपाय म्हणून आली.

आगगाडीच्या कोणत्याही साखळीचें बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकें, हें कर्जतकरांस सांगावयास नको. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ. मुंबईहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांस कर्जतेस जादा इंजिनें जोडतात, आणि तेवढ्या वेळांत उतारू फलाटावर बटाटेवडे खाऊन घेतात. वडा खातां खातां हा विचार किती जणांच्या मनांत येतो कोण जाणे, कीं हीं इंजिनें पुढें न जोडतां मागें कां जोडतात? सारी ओढ पुढून लाविली तर सबंध गाडीचा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगावर येईल, आणि इंजिनें कितीही बलवान असलीं तरी कपलिंग तुटेल. मागून रेटल्यानें तो भार वांटला जातो. शिवाय मधेंच एखादें कपलिंग तुटलें तर मागचे डबे घाटांतून परत न घसरतां इंजिनांवर टेकून राहतात. (२०२३ पासून धावणारी वंदे भारत ह्या जादा इंजिनांवांचून घाट चढते, त्याचेंही कारण हेंच: तिची ओढ अनेक डब्यांखालच्या मोटरींत आधींच वांटलेली असते.)

मासा, गळ, जोडदोरी, गांठ, गोफ, रीळ, काठी आणि माणसाचे हात, ही अशीच एक गाडी आहे. मधला एकच डबा पोलादाचा केला म्हणजे गाडी मजबूत होत नाहीं. तुटण्याची जागा तेवढी दुसरीकडे सरकते. चिरंजीवांच्या बाबतींत ती सरकून त्यांच्या तर्जनीवर आली. म्हणून 'किती बळाची म्हणजे तुटणार नाहीं' असें न विचारतां, 'अतिरेक झाला तर प्रथम काय सुटावें' असें विचारावें. रिळाच्या रचनेंत त्याचें उत्तर दिलेलेंच आहे.

रिळास 'ड्रॅग' म्हणून एक चाप असतो. माशाची ओढ ठराविक मर्यादेबाहेर गेली कीं तो घसरूं लागतो आणि फिरकी उलटी फिरून दोरी सुटते. प्रथम सुटावयाचें तें हेंच. ह्या चापाची ओढ दोरीच्या बळाच्या सुमारें एक-तृतीयांश ठेवावी, असा जुन्याजाणत्यांचा नियम आहे. वरवर पाहतां हा अतिसावधपणा वाटतो. तीनांपैकीं दोन वांटे बळ वायां कां घालवावें? पण गणित करून पाहिलें तर त्यांत कांहींच वायां जात नाहीं. ३० पौंडांचा गोफ घेऊं. म्हणजे सुमारें १३.६ किलो. चाप ४.५ किलोवर लाविला. रीळ भरलेलें असतांना फिरकीचा व्यास ६ सेंटिमीटर आहे असें समजा. मासा पळत सुटला, दोरी संपत आली आणि व्यास ३ वर आला. चापाचा जोर तोच, पण तो आतां निम्म्या तरफेवर लागतो. म्हणून तीच दोरी ओढण्यास दुप्पट बळ लागतें, म्हणजे ९ किलो. पाण्यांत ताणलेल्या दोरीचा रोध निराळाच. इकडे गांठीमुळें दोरीचें बळ घटतें. सामान्य गांठींत तें शेंकडा ७० उरलें असें धरलें तर ९.५ किलो होतें. नऊ आणि साडेनऊ! एक-तृतीयांशाचा नियम कोणी घाबरटानें केलेला नाहीं. त्यांत जेमतेम अर्ध्या किलोची सवड आहे.

आतां हेंच गणित ८० पौंडांच्या गोफास लावूं. ८० पौंड म्हणजे ३६ किलो; त्याचा तिसरा हिस्सा १२ किलो. पण ह्या भगिनींनीं रिळावरचीं अक्षरें उतरून पाठविलीं आहेत, त्यांत चापाची कमाल ओढ ८ किलो लिहिली आहे. म्हणजे त्या दोरीचें पुरें बळ त्या रिळावर कधींच कामास येणार नव्हतें. आणि १२ किलोची ओढ रिळानें दिली असती तरी ती धरणार कोण? शंका असेल त्यानें ताणकांटा दाराच्या कडीस बांधावा, दुसऱ्या टोकास गळाची दोरी बांधून काठी हातांत घ्यावी, आणि उभ्यानें ओढून पाहावें. आम्हीं हा प्रयोग केला. कांटा पांच किलोवर जातो न जातो तोंच पाठ आणि मनगट दोन्ही तक्रार करूं लागलीं. आणि आमच्या पायांखालीं शहाबादी फरशी होती, हलणारा मचवा नव्हता.

शिवाय जाडीची किंमत लांबींत मोजावी लागते. गोफाच्या जाडीस जपानी 'पी. ई.' क्रमांक लावतात; पी. ई. १ म्हणजे २०० डेनियर. डेनियर हा शब्द आमच्या भगिनींस साड्यांच्या दुकानांतून परिचित असेलच: नऊ हजार मीटर धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. क्रमांक दुप्पट झाला कीं रिळावर मावणारी लांबी निम्मी होते. चिरंजीवांच्या रिळावर पी. ई. ३ ची दोरी ३०० मीटर मावते असें लिहिलें आहे; त्यांनीं आणलेली ८० पौंडी पी. ई. ६ ची आहे, म्हणजे ती १५० मीटरच मावली. सुरमई एका झेपेंत किती दूर जाते हें ज्यानें पाहिलें आहे, तो ह्या निम्म्या दोरीचें सुख मानणार नाहीं. खरेदी करतांना पौंडांबरोबर हा पी. ई. क्रमांकही पाहावा, किंबहुना तोच आधीं पाहावा. कारण एकाच जाडीच्या दोरीवर निरनिराळे कारखाने निरनिराळे पौंड छापतात. न्यूयॉर्क येथें १९३९ सालीं हौशी मासेमारांची जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या विक्रमांच्या वह्या दोरीच्या बळावरूनच पाडलेल्या आहेत. तेथें दोरी छापील बळाच्या आंतच तुटली पाहिजे, एक रतीही अधिक चालत नाहीं. दुकानांत बहुधा ह्याच्या उलट बढाई असते.

मग पातळच दोरी कां घेऊं नये? कारण ती दुसऱ्या बाजूनें निर्दय आहे. १० पौंडांच्या दोरीवर मोठा मासा तासभर झुंजवितां येतो आणि कौशल्याची वाहवाही मिळते. पण तो इतका थकतो कीं मग पाण्यांत सोडून दिला तरी बहुधा जगत नाहीं. जो मासा सोडावयाचाच आहे, तो लवकर जवळ आणतां आला पाहिजे.

तेव्हां आमचा निर्णय असा. खुल्या पाण्यांतील सुरमई-रावसासाठीं ३० पौंडांचा गोफ, पी. ई. २ ते ३ च्या दरम्यानचा, आठ धाग्यांचा. चाप ताणकांट्यानें मोजून ४ ते ४.५ किलोवर. खडकाळ तळावर हेकरूसारखा मासा धरावयाचा असेल तर तो लागतांच बिळांत घुसूं पाहतो, त्यास तेथेंच रोखावें लागतें, आणि दोरी खडकावर घासते. तेव्हां ४० ते ५० पौंड. ह्यापुढें चिरंजीवांच्या रिळास आणि काठीस जाण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. आधीं फिरकीवर थोडें नायलॉन गुंडाळून मग त्यास गोफ जोडावा. नुसता गोफ बांधला तर त्याचा सबंध गुंडा फिरकीवर घसरूं लागतो, आणि माणूस चापास दोष देत बसतो.

गोफापुढें चार-पांच मीटर जाड नायलॉनची जोडदोरी हवीच, कारण घर्षण सोसण्याचा गुण तिच्यांत अधिक. सुरमईच्या दांतांसाठीं तिच्यापुढें वीतभर तार. गोफ आणि नायलॉन जोडण्यास 'एफ. जी.' नांवाची जपानी गांठ उत्तम. तींत नायलॉन मुळींच वांकत नाहीं. ताणलेला गोफ त्याच्याभोंवतीं एकदां ह्या बाजूनें, एकदां त्या बाजूनें असा वीस-बावीस वेळां वेढीत जातात, आणि ओढ पडेल तसतसा तो आवळत जातो. वेणी घालण्याची ज्यांस सवय आहे त्यांस ही गांठ पुरुषांपेक्षां लवकर साधेल, असें आम्हांस वाटतें. तळाच्या मासेमारींत अडकतें तें बहुधा शिशाचें वजन. तें बारीक, दुबळ्या नायलॉननें निराळें बांधावें, म्हणजे अडकल्यास शिसें तेवढें जातें. शंभर मीटर गोफ समुद्रांत सोडून येणें हा मोठा अपराध आहे. तो कुजत नाहीं, आणि हरिहरेश्वर-दिवेआगरच्या वाळूंत अंडीं घालावयास येणारीं कासवें त्यांत गुरफटतात.

आतां बळ खरें कीं छापील, हें घरीं पाहण्याची युक्ति सांगतों. एक लाटणें दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवें घट्ट बांधावें. गोफाचे दहा-बारा वेढे लाटण्यावर घेऊन टोक चिकटपट्टीनें बसवावें. गांठ मारूं नये. खालचें टोक असेंच एका जाड दांडक्यास वेढून त्यास बादली टांगावी, तीही जमिनीपासून चार बोटेंच वर. मग तांब्यातांब्यानें पाणी घालीत जावें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; बादलीचें वजन आधीं मोजून ठेवावें. ३० पौंडांची दोरी पंधरा लिटरच्या बादलींत तुटावयास हरकत नाहीं. त्यानंतर त्याच दोरीच्या मधोमध चिरंजीवांची जुनी चार वेढ्यांची गांठ मारून प्रयोग पुन्हा करावा, आणि तिसऱ्यांदा एफ. जी. गांठीनें. तीन आंकडे कागदावर मांडले म्हणजे दुकानदाराशीं वाद घालण्याचें कारण उरणार नाहीं. मुलांस दूर बसवावें. फरशी भिजेल तें वेगळें.

राहिला हाताचा प्रश्न. ताणलेला गोफ कोणत्याही बळाचा असो, उघड्या हातावर त्याचा एकही वेढा घेऊं नये. गळ अडकला तर काठी सरळ दोरीच्या रेषेंत धरावी, म्हणजे ती मोडत नाहीं. जाड लांकडी दांडक्यावर पांच-सहा वेढे घ्यावे, आणि मचव्याच्या ओढीनेंच दोरी तुटूं द्यावी. धारेची कात्री गळ्यांत किंवा कमरेस बांधलेली असावी. हा धागा दांतानें तुटत नाहीं, आणि संकटांत पेटी उघडण्यास दुसरा हात मोकळा नसतो. ३० पौंडांची दोरी घेतली म्हणून बोट कापणार नाहीं अशी समजूत ह्या भगिनींनीं करून घेऊं नये, तीही कापील. फरक इतकाच, कीं ती आधीं तुटण्याचा संभव पुष्कळ अधिक आहे.

जुनी ८० पौंडी दोरी टाकून देण्याचें कारण नाहीं. परसांत वेल चढविण्यास ती दहा वर्षें पुरेल. फक्त कपडे वाळत घालण्यास ती बांधूं नये. अंधारांत ती दिसत नाहीं, आणि मानेच्या उंचीवर आली तर काय होईल तें ह्या घरास सांगावयास नको.

१ जून ते ३१ जुलै ह्या काळांत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस आपल्याकडे बंदी असते, आणि कर्जतेस तर त्या दिवसांत ओटीवरूनही उतरवत नाहीं. गांठींचा सराव करण्यास ह्याहून चांगला अवसर नाहीं. बोट अजून मिटत नाहीं असें लिहिलें आहे, तेव्हां पहिल्या गांठी आईनेंच माराव्या, असें आम्ही सुचवितों. बादलीचे तिन्ही आंकडे नारळी पौर्णिमेपूर्वीं आमच्याकडे पोंचले तर भाद्रपदाच्या अंकांत छापूं.